खनिज साठ्यातल्या कोणत्या धातूचं मोल किती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकाच दगडात तांबं, जस्त, शिसं, चांदी आणि सोनं असे पाच धातू निघाले, की साठा नेमका कशाचा म्हणायचा यावर वाद सुरू होतो. भूशास्त्राचे विद्यार्थी, खाण कंपन्यांचे शेअर घेणारे आणि नुसतंच कुतूहल असलेले लोक याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. हिशेबांमधले भाव सोयीसाठी धरलेले आहेत. ते आजचे बाजारभाव समजू नयेत.

अहवालात तांबं १ टक्का आणि सोनं ०.५ ग्रॅम प्रति टन असं लिहिलंय. तुलना करायची कशी?

आधी दोन्ही एकाच मापात आणा. १ टक्का म्हणजे टनाला १० किलो, म्हणजेच १०,००० ग्रॅम. या दगडात सोन्याच्या वीस हजार पट तांबं आहे. मग दोन्हींना टनामागे डॉलरमध्ये मांडा. तांबं टनाला ९,००० डॉलर धरलं तर १ टक्क्याचे ९० डॉलर होतात. सोनं औंसाला २,५०० डॉलर धरलं तर अर्ध्या ग्रॅमचे ४० डॉलर.

इथला औंस ट्रॉय औंस असतो, ३१.१०३५ ग्रॅमचा. किराणा मालाचा २८.३५ ग्रॅमचा औंस धरला तर उत्तर जवळपास दहा टक्क्यांनी चुकतं, आणि ही चूक वाटते त्यापेक्षा बऱ्याच जास्त वेळा होते. मापांचा गोंधळ इतरही आहे. तांब्याचा भाव लंडनला टनावर सांगतात, न्यूयॉर्कला पौंडावर. टंगस्टन, युरेनियम, लिथियम यांची प्रत, म्हणजे दगडातलं प्रमाण, बहुतेक वेळा धातूची नसून ऑक्साइडची असते आणि लिथियमचा भाव मात्र कार्बोनेटवर असतो. १ टक्का लिथियम ऑक्साइड म्हणजे साधारण २.४७ टक्के लिथियम कार्बोनेट. हे रूपांतर विसरलं की पुढचा सगळा हिशेब वाया जातो.

मग प्रत गुणिले भाव केलं, की झालं?

नाही. साध्या ग्रॅनाइटमध्ये सुमारे १४ टक्के ॲल्युमिनियम ऑक्साइड असतं, म्हणजे टनाला ७४ किलो ॲल्युमिनियम. टनाला २,५०० डॉलर भाव धरला तर एक टन ग्रॅनाइटमध्ये १८५ डॉलरचा धातू भरतो. टनामागे २ ग्रॅम सोनं देणाऱ्या, चांगल्या चालणाऱ्या खाणीच्या दगडात १६० डॉलरचं सोनं असतं. तरीही ग्रॅनाइटमधून ॲल्युमिनियम कुणी काढत नाही, कारण तिथे तो फेल्डस्पार आणि अभ्रकात सिलिकेटच्या रूपात अडकलेला असतो आणि त्याला सोडवायचा खर्च धातूच्या भावाच्या कितीतरी वर जातो. म्हणून ॲल्युमिनियम बॉक्साइटमधून येतं.

प्रत गुणिले भाव याला ढोबळ मूल्य म्हणू. साठ्याची पहिली ओळख करून घ्यायला ते ठीक आहे. त्यावर कुणी पैसे मागत असेल तर मात्र सावध व्हावं.

ढोबळ मूल्यापासून खऱ्या मूल्यापर्यंत जायचं कसं? एखादं पूर्ण उदाहरण द्या.

हा या विषयाचा गाभा आहे, म्हणून सविस्तर पाहू. समजा, दगडात तांबं १ टक्का, जस्त ४ टक्के, शिसं १ टक्का, चांदी ४० ग्रॅम आणि सोनं अर्धा ग्रॅम आहे. भाव धरू: तांबं ९,००० डॉलर टन, जस्त २,७००, शिसं २,०००, चांदी ३० डॉलर औंस, सोनं २,५०० डॉलर औंस. ढोबळ मूल्य असं येतं: जस्त १०८, तांबं ९०, सोनं ४०, चांदी ३९, शिसं २०. एकूण २९७ डॉलर टनामागे. कागदावर ही जस्ताची खाण झाली.

आता दगड दळून फ्लोटेशनला घाला, म्हणजे बुडबुड्यांवर तरंगवून खनिज वेगळं करा. जस्ताची रिकव्हरी, म्हणजे दगडातल्या धातूपैकी हाती येणारा भाग, ८५ टक्के धरू. ४० किलोपैकी ३४ किलो हाती येतं आणि ते ५२ टक्के जस्ताच्या कॉन्संट्रेटमध्ये, म्हणजे धातू एकवटलेल्या भुकटीत असतं; ही भुकटी साधारण ६५ किलो भरते. स्मेल्टर, म्हणजे भुकटीतून धातू काढणारा कारखाना, या भुकटीतल्या सगळ्या जस्ताचे पैसे देत नाही. रूढ करारात ८५ टक्के धातूचे पैसे मिळतात किंवा प्रतीतून ८ टक्के वजा करून. यातलं जे कमी असेल ते. इथे ५२ मधून ८ गेले, ४४ राहिले. हाती आलेल्या ९२ डॉलरच्या जस्ताचे ७८ झाले. त्यातून प्रक्रिया शुल्क टन कॉन्संट्रेटला २०० डॉलर आणि वाहतूक ८० डॉलर वजा केली, की उरतात ५९.

तांब्याचं गणित वेगळं चालतं. रिकव्हरी ८८ टक्के, कॉन्संट्रेट २५ टक्क्यांचं, प्रतीतून वजावट फक्त १ टक्का. भुकटी अवघी ३५ किलो, त्यामुळे शुल्क आणि वाहतूकही कमी. ९० पैकी ६९ डॉलर उरतात. शिशाची रिकव्हरी ६० टक्के धरली तर शेवटी ९ डॉलर. चांदी आणि सोनं तांब्या-शिशाच्या कॉन्संट्रेटसोबत जातात; काही भाग जस्तात जातो, काही गाळात. त्यांचे अनुक्रमे २१ आणि २० डॉलर धरू.

एकूण १७८ डॉलर. म्हणजे ढोबळ मूल्याच्या ६० टक्के. आकडा घटला यापेक्षा क्रम बदलला हे महत्त्वाचं: जस्त पहिलं होतं, आता तांबं पहिलं आहे. या १७८ डॉलरला नेट स्मेल्टर रिटर्न म्हणतात, बोलताना एनएसआर. खोदकाम, दळणं, पगार, रॉयल्टी हे सगळं अजून यातूनच जायचं आहे.

बातम्यांमध्ये ‘सोने-समतुल्य’, ‘तांबे-समतुल्य’ प्रत असते. ती काय असते?

सगळ्या धातूंचं मूल्य एका धातूच्या प्रतीत सांगायची रीत. वरच्याच दगडाचे २९७ डॉलर घ्या. तांब्यात ती ३.३ टक्के होते, जस्तात ११ टक्के, सोन्यात ३.७ ग्रॅम. दगड तोच. पण ‘३.७ ग्रॅम सोने-समतुल्य’ हे शीर्षक वाचणाऱ्याला सोन्याची खाण दिसते, आणि प्रत्यक्षात सोन्याचा वाटा १४ टक्क्यांच्याही आत आहे. माझं मत स्पष्ट आहे: ज्या धातूचा वाटा सर्वांत मोठा, त्याच्यातच समतुल्य प्रत सांगावी. दुसरा धातू निवडला असेल तर तो का निवडला, हे विचारावं.

आणखी एक खोच रिकव्हरीत आहे. प्रामाणिक सूत्रात प्रत्येक धातूची प्रत, भाव आणि रिकव्हरी यांचा गुणाकार करून त्याला मुख्य धातूच्या भाव आणि रिकव्हरीने भागतात. काही जण सगळ्यांची रिकव्हरी १०० टक्के धरतात आणि ते बारीक अक्षरांत टाकतात. आपल्या उदाहरणात एनएसआरच्या आधारे समतुल्य काढली तर तांबं ३.३ वरून २.६ टक्क्यांवर येतं.

ऑस्ट्रेलियातली जॉर्क संहिता, म्हणजे साठ्यांचे आकडे कसे जाहीर करावेत याची नियमावली, यासाठी काही गोष्टी जाहीर करायला लावते: प्रत्येक धातूची स्वतंत्र प्रत, धरलेले भाव, रिकव्हरी, वापरलेलं सूत्र, आणि हे सगळे धातू काढून विकता येण्याची वाजवी शक्यता आहे असं कंपनीचं विधान. कॅनडाचा एनआय ४३-१०१ हा नियमही स्वतंत्र प्रती दिल्याशिवाय समतुल्य प्रत छापू देत नाही.

प्रयोगशाळेने धातू दाखवला, तर तो काढता येतोच ना?

प्रयोगशाळा मूलद्रव्य मोजते. ते कोणत्या खनिजात आहे हे बहुतेक पृथक्करणं सांगत नाहीत, आणि पैसा खनिजावर ठरतो.

निकेल पाहा. पृथ्वीच्या प्रावरणातून आलेल्या पेरिडोटाइट खडकात जवळपास सगळीकडे ०.२ टक्क्यांच्या आसपास निकेल सापडतं. ते ऑलिव्हिनच्या स्फटिकात असेल तर फ्लोटेशनला हाती लागत नाही. तेवढंच निकेल पेंटलँडाइट या सल्फाइडमध्ये असेल, तर त्याचा विचार तरी करता येतो. तांबं चाल्कोपायराइट या सल्फाइडमध्ये असलं तर फ्लोटेशनने येतं, ऑक्साइड खनिजांमध्ये असलं तर आम्लाने विरघळवावं लागतं, आणि दोन्ही मिसळलेली असली तर डोकेदुखी. सोनं सुटं असेल तर सायनाइड त्याला सहज विरघळवतं. आर्सेनोपायराइटच्या स्फटिकजालात अडकलेलं असेल तर आधी भाजणं, दाबाखाली ऑक्सिडेशन किंवा जीवाणूंची प्रक्रिया करावी लागते. एका ग्रॅमचा बाजारभाव दोन्हीकडे सारखा, पण खाणमालकाच्या हाती येणारी रक्कम नाही.

कणांचा आकारही असाच निर्णायक ठरतो. ऑस्ट्रेलियातला मॅकआर्थर रिव्हरचा जस्त-शिशाचा प्रचंड साठा १९५५ मध्ये सापडला, आणि खाण सुरू झाली १९९५ मध्ये. खनिजं इतकी बारीक गुंतलेली होती की सुमारे ७ मायक्रॉनपर्यंत दळता येईल असं यंत्र आल्यावरच काम जमलं. मधली चाळीस वर्षं प्रत कागदावर उत्तमच होती.

भाव कोणता धरायचा? आजचा?

आजचा धरू नका. खाण पुढची दहा-वीस वर्षं चालणार असते. बहुतेक जण दीर्घकालीन अंदाजी भाव किंवा मागच्या तीन वर्षांची सरासरी धरतात. दोन्हींत त्रुटी आहेत, पण एका दिवसाच्या भावापेक्षा बऱ्या. ८ मार्च २०२२ रोजी लंडन मेटल एक्स्चेंजवर निकेल टनाला १,००,००० डॉलरच्या वर गेलं, व्यवहार थांबवावे लागले आणि त्या दिवसाचे सौदे रद्द झाले. त्या सकाळच्या भावावर साठा मोजणाऱ्याला काय उत्तर मिळालं असतं याची कल्पनाच करा.

सापेक्ष मूल्य म्हटलं की सगळे भाव एकत्र वर-खाली झाले तर फारसं बिघडत नाही; एकमेकांच्या तुलनेत सरकले तर बिघडतं. १७९२ च्या अमेरिकी नाणे कायद्यात सोनं चांदीच्या १५ पट धरलं होतं. मार्च २०२० मध्ये ते गुणोत्तर १२० च्या वर गेलं. २००८ च्या सुरुवातीला प्लॅटिनम पॅलेडियमच्या जवळपास चौपट महाग होतं. २०२० च्या सुरुवातीला पॅलेडियमच प्लॅटिनमच्या दुपटीहून वर होतं. रशियातल्या नोरिल्स्कसारख्या पॅलेडियम-प्रधान साठ्याचं आणि दक्षिण आफ्रिकेच्या प्लॅटिनम-प्रधान थरांचं तौलनिक मोल या काळात उलटंपालटं झालं, दगडात काहीही न बदलता. म्हणून हिशेब एकाच भावाने करून थांबू नये. प्रमुख दोन धातूंचे भाव विरुद्ध दिशांना वीस-वीस टक्के हलवून पाहावेत. क्रम टिकला तर निष्कर्ष पक्का.

‘एकूण प्लॅटिनम गट ५ ग्रॅम’ किंवा ‘एकूण दुर्मिळ मृदा ऑक्साइड ६ टक्के’ अशा बेरजांचा अर्थ काय लावायचा?

जवळपास काहीच नाही, जोपर्यंत आतली फोड मिळत नाही. प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम आणि सोनं यांच्या बेरजेला खाणक्षेत्रात ‘४-ई’ म्हणतात. दक्षिण आफ्रिकेच्या बुशवेल्ड संकुलात मेरेन्स्की आणि यूजी-२ असे दोन प्रसिद्ध थर आहेत. यूजी-२ मध्ये ऱ्होडियमचं प्रमाण जास्त असतं. २०२१ च्या वसंतात ऱ्होडियम औंसाला २९,००० डॉलरच्या आसपास पोचलं, तेव्हा सारखीच बेरीज असलेल्या दोन थरांच्या कमाईत मोठी तफावत पडली.

दुर्मिळ मृदांमध्ये तर याहून जास्त फसगत होते. बेरजेचा मोठा भाग सहसा सेरियम आणि लँथॅनमचा असतो, आणि ते स्वस्त आहेत. पैसा मुख्यतः निओडिमियम आणि प्रेसिओडिमियममधून येतो. साठ्यात असतील तर डिस्प्रोसियम आणि टर्बियममधूनही. कमी बेरजेचा साठा जास्त बेरजेच्या साठ्यापेक्षा मोलाचा ठरू शकतो.

मुख्य धातू आणि उपउत्पादन यांतली सीमारेषा कुठे असते?

व्यवहारात अशी: ज्याच्याशिवाय खाण चालणारच नाही, तो मुख्य. ज्याच्याशिवाय चालेल पण नफा कमी होईल, ते उपउत्पादन. दोन धातू एकमेकांशिवाय उभे राहत नसतील तर ते सहउत्पादन. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या ऑलिम्पिक डॅममधून तांबं, युरेनियम, सोनं आणि चांदी निघते. युरेनियमच्या बाबतीत तो जगातला सर्वांत मोठा ज्ञात साठा, तरी कमाईत तांबं पुढे असतं.

काही धातूंच्या नशिबी कायमचं दुय्यमपण आहे. ऱ्हेनियम तांब्याच्या खाणीतल्या मॉलिब्डेनाइटमधून येतं, ते भाजताना निघणाऱ्या वायूंमधून पकडावं लागतं. इंडियम आणि जर्मेनियम प्रामुख्याने जस्ताच्या मागोमाग येतात, गॅलियम बॉक्साइटच्या. साठ्यात इंडियम दिसलं म्हणून खाणमालकाने उडी मारू नये. स्मेल्टर ते काढत असेलही, पण खाणीला त्याचे पैसे बऱ्याचदा देत नाही. करारात ज्याचं नाव नाही, त्याचं मूल्य तुमच्या हिशेबात शून्य.

एखाद्या धातूचं मूल्य उणे असू शकतं?

हो, सर्रास. तांब्याच्या कॉन्संट्रेटमध्ये आर्सेनिक ठरावीक मर्यादेच्या वर गेलं की स्मेल्टर दंड कापतो, आणि फार वर गेलं तर माल घेतच नाही. चीनमध्ये ०.५ टक्क्याहून जास्त आर्सेनिक असलेलं तांब्याचं कॉन्संट्रेट आयात करता येत नाही. एनर्जाइट हे तांब्याचं खनिज दिसायला देखणं, तांबंही भरपूर. पण त्याच्या वजनात सुमारे १९ टक्के आर्सेनिक असतं. पारा, बिस्मथ, अँटिमनी यांनाही असाच दंड लागतो.

चांगला धातूसुद्धा चुकीच्या जागी नुकसान करतो. सोन्याच्या खाणीत सहज विरघळणारं तांबं असलं, तर ते सायनाइड पिऊन टाकतं. ढोबळ मूल्यात ते तांबं बेरजेत धरलेलं असतं, ताळेबंदात मात्र खर्चाच्या बाजूला. जस्ताच्या कॉन्संट्रेटमध्ये गेलेल्या शिशाचंही तसंच: पैसे नाहीत, प्रसंगी दंड.

नुसत्या डोळ्यांनी किंवा हातातल्या एक्स-रे यंत्राने अंदाज घेता येतो का?

तांबं, जस्त, शिसं यांचा ढोबळ अंदाज येतो. कोअरमध्ये, म्हणजे भोक पाडून काढलेल्या दगडाच्या कांडीत, घनफळाने ३ टक्के चाल्कोपायराइट दिसलं तर तांबं १ टक्का समजू नका. हे खनिज भोवतालच्या खडकापेक्षा बरंच जड असतं आणि त्यात ३४.६ टक्के तांबं असतं. वजनाने हिशेब केला तर सुमारे १.६ टक्के येतं. अर्थात डोळ्यांना ३ टक्के दिसलेलं खरंच ३ टक्के असेल तर. झळझळत्या पिवळ्या रंगाला पाहून माणूस जास्तच मोजतो, आणि त्यात पायराइट हे लोखंडाचं पिवळं खनिज किती हे विसरतो. सोन्यासाठी हातातलं यंत्र वापरू नये. खाणीच्या प्रतीला त्याचं वाचन भरवशाचं नसतं. प्रयोगशाळेत पाठवा.

सगळ्या धातूंच्या आकड्यांवर सारखाच विश्वास ठेवावा का?

नाही, आणि हे फार कमी लोक लक्षात घेतात. तांबं दगडात बहुधा सारखं पसरलेलं असतं. सोनं कणाकणाने, एकीकडे मूठभर तर शेजारी काहीच नाही. अर्धा कोअर तपासला तर एक आकडा, उरलेला अर्धा तपासला तर भलताच. म्हणून टनामागे ४० डॉलर तांब्याचे आणि ४० डॉलर सोन्याचे हे दिसायला सारखे असले, तरी सोन्याच्या आकड्यामागे जास्त भोकं पाडलेली हवीत.

साठ्यात धातू कुठे आहे याने फरक पडतो?

पडतो, कारण लवकर मिळालेला पैसा उशिरा मिळालेल्या पैशापेक्षा मोलाचा. पापुआ न्यू गिनीतल्या ओक तेडी इथे तांब्याच्या साठ्यावर सोन्याने समृद्ध असा वरचा थर होता. १९८४ मध्ये काम सुरू झालं ते सोन्यापासून. तांब्याचं उत्पादन नंतर आलं. संपूर्ण साठ्याची सरासरी काढली तर तांबंच मोठं, पण खाण उभी करायच्या काळात सोन्याने दिलेला हातभार त्या सरासरीत दिसत नाही. त्यामुळे धातूंचे वाटे पूर्ण साठ्यासाठी एकदा आणि पहिल्या पाच वर्षांच्या दगडासाठी वेगळे काढावेत.

‘जमिनीखाली इतक्या अब्ज डॉलरचा खजिना’ अशा बातम्यांचं काय करायचं?

सोडून द्या. कॅनडाच्या नियमात साठ्यातल्या धातूचं ढोबळ मूल्य जाहीर करायला मनाई आहे, आणि जॉर्क संहितेच्या २०१२ च्या आवृत्तीनेही ते तत्त्वात बसत नाही असं म्हटलं आहे. इंडोनेशियातल्या बुसांगचा ब्रे-एक्स घोटाळा १९९७ मध्ये फुटला, तिथे सोनंच नव्हतं, नमुन्यांत बाहेरून मिसळलेलं होतं. त्यानंतर कॅनडाचे नियम कडक झाले.

कट-ऑफ, म्हणजे ज्याच्या खालचा दगड खोदायचा नाही ती मर्यादा, कशावर ठरवावा: समतुल्य प्रतीवर की एनएसआरवर?

दोन-तीन धातू असतील तर एनएसआरवर. समतुल्य प्रत प्रत्येक धातूला एकच ठरलेली रिकव्हरी लावते, आणि खऱ्या साठ्यात ती प्रतीनुसार आणि खडकानुसार बदलते. एनएसआर डॉलरमध्ये असतो, त्यामुळे एका टनाच्या खर्चाशी त्याची थेट तुलना होते: खर्च ९० आणि एनएसआर ८५ असेल, तर साठ्याचा तो भाग जागच्या जागी राहू द्यायचा.

कंपनीने चांदी आधीच विकलेली असेल तर?

तर तुमच्या हिशेबातून ती जवळजवळ पुसून टाका. ‘स्ट्रीम’ नावाच्या करारात एखादी वित्त कंपनी आगाऊ रोख देते आणि त्या बदल्यात पुढे निघणारं सोनं किंवा चांदी बाजारभावाच्या खूप खाली घेते. ब्राझीलमधल्या सालोबो या तांब्याच्या खाणीतल्या सोन्याचा एक हिस्सा वाले कंपनीने २०१३ मध्ये असाच विकला. दगडातलं सोनं तेवढंच राहतं, समतुल्य प्रतीत तेही मोजलं जातं, पण ते विकून येणारा बहुतेक पैसा शेअरधारकाकडे येत नाही. हा करार वार्षिक अहवालाच्या टिपांमध्ये सापडतो. समतुल्य प्रतीच्या तक्त्याशेजारी तो सहसा नसतो.